विक्रमी उड्डाण आणि कठोर अवतरण : ॲमी जॉन्सन यांच्या १९३० मधील इंग्लंड-ऑस्ट्रेलिया प्रवासाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास प्रामुख्याने उड्डाणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी, केव्हा, कोठून उड्डाण केले आणि किती दिवसांत इच्छित स्थळ गाठले, या तपशिलांना त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले. विमान जमिनीवर कसे उतरले, उतरताना काय मोडले, मोडलेले कोणी दुरुस्त केले, हा भाग मात्र बहुतेक वेळा एखाद्या वाक्यात उरकला जातो. वास्तविक प्रत्येक उड्डाणाचा शेवट अवतरणात होतो आणि लहान खासगी विमानांच्या बाबतीत अपघातांचा मोठा वाटा याच टप्प्यात आढळतो. वैमानिकाची दमणूक, यंत्राच्या मर्यादा, जमिनीची अवस्था आणि प्रवासाच्या नियोजनातील उणिवा हे सर्व घटक अवतरणाच्या काही क्षणांत एकत्र येतात. त्यामुळे विक्रमी प्रवासाचे यथार्थ मूल्यमापन करावयाचे असेल तर त्यातील अवतरणांचा अभ्यास आवश्यक ठरतो.

५ मे १९३० रोजी ॲमी जॉन्सन या इंग्रज तरुणीने लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून 'जिप्सी मॉथ' जातीच्या लहान विमानातून एकटीने प्रयाण केले आणि २४ मे १९३० रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे त्या पोहोचल्या. सुमारे ११,००० मैलांचा हा प्रवास एकट्याने पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. या प्रवासात त्यांचे विमान उतरताना अनेकदा मोडले व प्रत्येक वेळी दुरुस्त होऊन पुढे गेले. यांपैकी दोन घटना तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानात, झाशी आणि रंगूनजवळील इन्सेन येथे घडल्या. या अवतरणांच्या आधारे त्या प्रवासाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) १९२० ते १९३० या दशकातील लहान खासगी विमानांच्या अवतरणाचे तांत्रिक स्वरूप समजून घेणे.
२) ॲमी जॉन्सन यांच्या १९३० च्या प्रवासातील अवतरण-अपघातांची कारणमीमांसा करणे.
३) या प्रवासातील दुरुस्तीच्या कामात सहभागी झालेल्या स्थानिक माणसांच्या योगदानाची नोंद घेणे.
४) अवतरण-अपघाताकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात पुढील काळात झालेला बदल तपासणे.

गृहीतक

कठोर अवतरण हा वैमानिकाच्या एका क्षणाच्या चुकीचा परिणाम मानला जात असला तरी त्याची कारणे त्या क्षणापूर्वीच्या अनेक तासांत, प्रसंगी अनेक दिवसांत शोधावी लागतात.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो चरित्रपर आणि विमानविद्येच्या इतिहासविषयक दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. समकालीन इतर वैमानिकांच्या प्रवासांशी तुलना हे त्याचे मुख्य अंग आहे.

संकल्पना : कठोर अवतरण म्हणजे काय ?

विमान जमिनीला टेकण्याच्या क्षणी त्याचा खाली येण्याचा वेग मर्यादेपेक्षा अधिक असेल आणि चाकांच्या जोडणीवर व सांगाड्यावर अवाजवी ताण पडत असेल तर त्यास कठोर अवतरण म्हणतात. याच्याशी निगडित आणखी दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. इंधन, हवामान किंवा यंत्रातील बिघाड यांमुळे नियोजित नसलेल्या जागी उतरावे लागणे हे सक्तीचे अवतरण होय. विमान योग्य जागेच्या पुढे जाऊन टेकणे आणि उपलब्ध मैदान संपेपर्यंत न थांबणे हा दुसरा प्रकार होय. प्रत्यक्षात हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. सक्तीने निवडलेली जागा लहान असते, लहान जागेत वैमानिक विमान घाईने खाली आणतो आणि घाईने आणलेले विमान आदळते किंवा मैदानाबाहेर जाते.

या आदळण्याचे गणित साधे आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला तर चाकांच्या जोडणीला चौपट ऊर्जा पचवावी लागते. सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने टेकणे म्हणजे विमान दीड फूट उंचीवरून सोडून देण्यासारखे होय. ही उंची ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु सुमारे ७५० किलो वजनाचे, लाकूड व कापड यांचे विमान एवढ्या उंचीवरून पडले असता त्याचे दांडे वाकणे व बोल्ट तुटणे सहज शक्य असते. अमेरिकेत लहान विमानांच्या प्रमाणीकरणासाठी दीर्घकाळ लागू असलेल्या नियमांत चाकांच्या जोडणीची क्षमता सेकंदाला ७ ते १० फूट इतक्या उतरत्या वेगाला पुरेल अशी अपेक्षित होती. त्यातील वरची मर्यादा नेमकी याच दीड फुटाच्या पतनाइतकी आहे.

जिप्सी मॉथ : यंत्राच्या मर्यादा

डी हॅविलंड कंपनीच्या मॉथ विमानाचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९२५ रोजी झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हौशी वैमानिकांसाठी फ्लाइंग क्लब सुरू झाले आणि मॉथ हे या क्लबांचे प्रमुख विमान ठरले. १९२८ मध्ये त्यास जिप्सी हे सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले. दुहेरी पंखांचे, दोन उघड्या आसनांचे, पंख मागे दुमडून ठेवता येणारे हे विमान मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ शकले. खासगी विमानप्रवासाच्या विस्तारात त्याचा वाटा मोठा आहे.

तथापि अवतरणाच्या दृष्टीने या विमानाच्या मर्यादा स्पष्ट होत्या. पुढे दोन चाके आणि शेपटीखाली एक घसरपट्टी अशी त्याची रचना होती. चाकांना ब्रेक नव्हते. जमिनीवर वेग कमी करण्याचे काम शेपटीच्या घर्षणावर आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर सोपविलेले होते. पंखांना आजच्यासारखे फ्लॅप नव्हते. त्यामुळे उंची झपाट्याने कमी करावयाची झाल्यास विमान एका अंगावर कलवून घसरवीत खाली आणावे लागे. एकटा वैमानिक मागील आसनावर बसत असल्याने विमानाचे नाक वर असताना समोरची जमीन त्यास नीट दिसत नसे व बाजूने डोकावून अंदाज घ्यावा लागे. लांब पल्ल्यासाठी जादा इंधनटाक्या बसविल्या की विमान मूळ रचनेपेक्षा जड होई. ताशी सुमारे ४५ मैल वेगाने टेकलेले ७५० किलोचे विमान थांबविण्यासाठी जी ऊर्जा खर्ची पडावी लागते ती वर उल्लेखिलेल्या आदळण्याच्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते. ती घालविण्यास पुरेसे मैदान नसेल तर उरलेले काम कुंपण, खंदक किंवा खांब करतो.

ॲमी जॉन्सन : पूर्वपीठिका

ॲमी जॉन्सन यांचा जन्म १ जुलै १९०३ रोजी यॉर्कशायरमधील हल या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र विषयात पदवी घेतल्यानंतर त्यांनी लंडनमधील एका वकिलाच्या कार्यालयात नोकरी केली व स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबमध्ये उड्डाणाचे शिक्षण घेतले. १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी ग्राउंड इंजिनिअरचा परवानाही त्यांनी मिळविला. हा दुसरा परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला होत. विमानाची देखभाल आपल्या हातांनी करण्याची ही पात्रता पुढील प्रवासात निर्णायक ठरली.

वडील आणि तेलउद्योगातील लॉर्ड वेकफील्ड यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी एक जुने जिप्सी मॉथ विकत घेतले. वडिलांच्या मासळीच्या व्यापाराची मुद्रा 'जेसन' ही होती. तेच नाव विमानास देण्यात आले. प्रयाणाच्या वेळी त्यांच्या नावावर शंभराहून कमी तासांचे उड्डाण होते आणि इंग्लंडबाहेर विमान नेण्याचा अनुभव नव्हता. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने फेब्रुवारी १९२८ मध्ये साडेपंधरा दिवसांत हा प्रवास एकट्याने केला होता. तो विक्रम मोडणे हे त्यांचे घोषित उद्दिष्ट होते.

प्रवासातील अवतरणे

क्रॉयडनहून निघाल्यावर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल व अलेप्पो असे टप्पे त्यांनी पार केले. अलेप्पोहून बगदादकडे जाताना वाळूच्या वादळात दिसेनासे झाल्याने त्यांना वाळवंटात सक्तीने उतरावे लागले. विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून त्यांनी सामान चाकांना टेकू म्हणून लावले व वादळ ओसरेपर्यंत तेथेच थांबल्या. पुढे इराणच्या किनाऱ्यावरील बंदर अब्बास येथे उतरताना चाकांच्या जोडणीत मोडतोड झाली व विमान एका पंखावर झुकले. स्थानिक मदतीने ते रातोरात उभे करण्यात आले. १० मे रोजी त्या कराचीस पोहोचल्या. इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत सहा दिवस हा एकट्या वैमानिकाचा विक्रम होता आणि हिंकलर यांच्यापेक्षा त्या दोन दिवसांनी पुढे होत्या. तोवर फारशी दखल न घेणाऱ्या ब्रिटिश वृत्तपत्रांनी या बातमीनंतर त्यांचे नाव पहिल्या पानावर आणले. याचा अर्थ असा की, प्रवासाच्या उत्तरार्धात त्यांच्यावर लोकांच्या अपेक्षेचे ओझे वाढले.

११ मे रोजी कराचीहून अलाहाबादकडे जाताना इंधन अपुरे पडल्याने त्यांना झाशी येथे उतरावे लागले. विमानतळ म्हणून त्यांच्या वाट्यास लष्करी छावणीचे कवायतीचे मैदान आले. अशा मैदानाची आखणी माणसांच्या रांगांसाठी असते. भोवती बराकी, खांब, फलक असतात. ब्रेक नसलेले विमान त्यांच्यात शिरले आणि पंखास इजा झाली. छावणीतील माणसांच्या मदतीने दुरुस्ती होऊन दुसऱ्या दिवशी अलाहाबादमार्गे त्या कलकत्त्यास पोहोचल्या.

१३ मे रोजी कलकत्ता ते रंगून या टप्प्यात त्यांना मुसळधार पावसाने गाठले. रंगूनचे घोडदौडीचे मैदान हे उतरण्याचे नियोजित ठिकाण होते. परंतु ते सापडले नाही. इन्सेन येथील सरकारी तंत्रसंस्थेच्या क्रीडांगणावर त्या उतरल्या. ओल्या, आखूड मैदानावर विमान थांबले नाही व पुढील खड्ड्यात जाऊन पडले. पंखा मोडला, चाकांची जोडणी निकामी झाली आणि पंखाचे कापड फाटले. या दुरुस्तीत दोन दिवसांहून अधिक काळ गेला आणि हिंकलर यांचा विक्रम मोडण्याची शक्यता जवळजवळ संपुष्टात आली.

पुढे बँकॉक, सिंगोरा व सिंगापूर असे टप्पे घेत त्या जावा बेटावर पोहोचल्या. तेथे त्जोमाल या ठिकाणी एका साखर मळ्यात उतरताना जमिनीत रोवलेल्या बांबूंनी पंखांचे कापड फाडले. भोकांवर जखमेवर लावावयाच्या चिकटपट्ट्या लावून त्यांनी पुढील मार्ग धरला. तिमोर बेटावर त्यांचा ठावठिकाणा काही काळ लागला नाही व त्या बेपत्ता असल्याच्या वार्ता पसरल्या. अखेर २४ मे रोजी त्या डार्विनला उतरल्या.

प्रवास येथे संपला असता तर कथा सुखान्त ठरली असती. परंतु २९ मे रोजी ब्रिस्बेन येथील ईगल फार्म मैदानावर, स्वागतास जमलेल्या जनसमुदायासमोर, त्यांचे विमान मैदानाची हद्द ओलांडून गेले व उलटले. त्यांस दुखापत झाली नाही. पण 'जेसन' पुढे उडण्याच्या स्थितीत राहिले नाही. ११,००० मैल पार करून आलेले विमान तयार मैदानावर उलटावे, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

कारणमीमांसा

या घटनांमागे चार प्रकारची कारणे संभवतात.

पहिले कारण जमिनीचे. इम्पिरिअल एअरवेजची क्रॉयडन ते कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली होती. त्यामुळे कराचीपर्यंतच्या मार्गावर काही प्रमाणात सोयी होत्या. त्यापुढे मात्र कवायतीची मैदाने, घोडदौडीची मैदाने, क्रीडांगणे आणि साखर मळे हेच विमानतळ होते. साम्राज्याने ही स्थळे सैन्य, करमणूक व मळ्यांसाठी तयार केली होती; विमाने त्यांत पाहुणी म्हणून आली. १९१९ मध्ये रॉस व कीथ स्मिथ या बंधूंचे मोठे विमान सुराबाया येथे चिखलात रुतले असता बांबूच्या चटया अंथरून त्यास उड्डाण करता आले, हे उदाहरण येथे लक्षणीय ठरते. अकरा वर्षांनंतरही परिस्थितीत फारसा फरक पडलेला नव्हता.

दुसरे कारण यंत्राचे. त्याचे विवेचन वर केले आहे. यंत्राच्या ज्या हलकेपणामुळे ते स्वस्त व सुटसुटीत झाले, त्याच हलकेपणामुळे आघात सहन करण्याची त्याची शक्ती मर्यादित राहिली.

तिसरे कारण मार्गज्ञानाचे. रेडिओ संपर्क नाही, हवामानाची पूर्वसूचना अपुरी आणि नकाशे साधे, अशा अवस्थेत त्यांनी नकाशावर सरळ रेषा आखून मार्ग निश्चित केला होता. समोरचा वारा अपेक्षेपेक्षा जोरदार निघाला की झाशी घडते. मेअखेरीस ब्रह्मदेशात दाखल होणारा पाऊस हिशोबात धरला नाही की इन्सेन घडते. विक्रमाच्या वेळापत्रकात प्रतीक्षेला जागा नसते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण थकव्याचे. दिवसभर उघड्या आसनात इंजिनाच्या आवाजात बसावयाचे, उतरल्यावर इंजिनाची देखभाल स्वतः करावयाची, थोडी झोप घेऊन पहाटे पुन्हा निघावयाचे, असा त्यांचा दिनक्रम होता. अवतरणासाठी नेमकी जी शक्ती लागते, म्हणजे उंचीचा व अंतराचा अंदाज आणि हातापायांचा संयम, तीच थकव्याने प्रथम क्षीण होते. ब्रिस्बेनच्या अपघाताचे स्पष्टीकरण मैदान, नकाशा अथवा पाऊस यांपैकी कशातही सापडत नाही. ते गेल्या चोवीस-पंचवीस दिवसांच्या साचलेल्या श्रमात सापडते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये परतल्यावर वृत्तपत्राने आयोजिलेला त्यांचा दौरा प्रकृती ढासळल्याने अर्धवट सोडावा लागला, ही वस्तुस्थितीही या अनुमानास पुष्टी देते.

वैयक्तिक कौशल्याचा प्रश्न

विमान उतरविणे हा ॲमी जॉन्सन यांचा शिक्षणकाळापासूनचा कच्चा दुवा होता, असे मत मांडले गेले आहे. हे मत पूर्णतः नाकारता येत नाही. कमी अनुभवाच्या वैमानिकास अवतरण कठीण जाते, हे सर्वमान्य आहे. तथापि केवळ या मतावर विसंबणे तर्काच्या कसोटीवर उतरत नाही. त्यासाठी तुलनेचे एक उदाहरण पुरेसे आहे.

जिम मॉलिसन हे त्या काळातील अत्यंत अनुभवी वैमानिक होते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी इंग्लंड ते केप टाउन हे अंतर पाच दिवसांहून कमी काळात विक्रमी वेळेत कापले. परंतु केप टाउनला पोहोचल्यावर अतिश्रमाने त्यांची दृष्टी साथ देईना आणि मिल्नरटनच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरताना त्यांचे विमान उलटले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा ॲमी जॉन्सन यांच्याशी विवाह झाला आणि नोव्हेंबरमध्ये ॲमी जॉन्सन यांनी तोच मार्ग पतीपेक्षा सुमारे साडेदहा तास कमी वेळेत, सुखरूप उतरून पूर्ण केला. पुढील वर्षी २२ जुलै १९३३ रोजी उभयता 'सीफेरर' या दोन इंजिनांच्या विमानातून वेल्समधील पेंडाइनच्या वाळवंटी किनाऱ्यावरून अमेरिकेकडे निघाले. सुमारे ३९ तासांच्या उड्डाणानंतर, इंधन संपत आले असताना, कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे उतरण्याच्या प्रयत्नात जिम मॉलिसन यांच्या हातून विमान मैदानापुढील दलदलीत जाऊन उलटले. दोघेही जखमी झाले आणि जमावाने विमानाचे तुकडे आठवण म्हणून तोडून नेले.

ब्रिस्बेन, मिल्नरटन आणि ब्रिजपोर्ट या तीन घटनांत वैमानिक, विमान व मैदान वेगवेगळे आहे. दीर्घ प्रवासाचा शेवट आणि थकलेला देह एवढीच गोष्ट समान आहे. यावरून कठोर अवतरणाचे मूळ वैमानिकाच्या स्त्रीत्वात वा उपजत अकौशल्यात शोधण्याऐवजी प्रवासाच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुरुस्ती करणारे हात

या प्रवासाच्या इतिहासात सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला घटक म्हणजे दुरुस्ती करणारी माणसे. इन्सेनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील तंत्रसंस्थेतील शिक्षक व विद्यार्थी यांनी विमानाचे मोडलेले भाग नव्याने घडविले. पंखाच्या कापडाचा प्रश्न बिकट होता. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे तेथे शिवले गेले होते. तेच सदरे उसवून पंखास कापड लावण्यात आले. कापड ताणून घट्ट करण्यासाठी लागणारे रसायनही स्थानिक पातळीवर तयार करण्यात आले. मोडलेल्या पंख्याच्या जागी ॲमी जॉन्सन यांनी विमानास बांधून आणलेला जादा पंखा बसविण्यात आला. १६ मे रोजी विमान पुढे मार्गस्थ झाले. त्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी तोवर विमान हाताळलेले असण्याची शक्यता कमीच; तरीही सुतारकाम, लोहारकाम व शिवणकाम यांच्या पायाभूत ज्ञानावर त्यांनी हे काम तडीस नेले.

विक्रमाच्या नोंदीत वैमानिकाचे नाव येते, विमानाचे येते, पैसा पुरविणाऱ्याचेही येते. झाशीच्या छावणीतील कारागीर आणि इन्सेनचे विद्यार्थी अनामिक राहतात. वसाहतींच्या इतिहासलेखनात आढळणारी ही परिचित पद्धत विमानविद्येच्या इतिहासातही तशीच उतरलेली दिसते. वस्तुतः 'एकटीने केलेला प्रवास' हे वर्णन आकाशातील तासांपुरतेच खरे आहे; जमिनीवर हा प्रवास अनेकांनी मिळून पूर्ण केला.

भारतीय संदर्भ

ज्या मे महिन्यात ॲमी जॉन्सन कराचीस उतरल्या, त्याच महिन्यात आगाखान पारितोषिकासाठी भारतीय वैमानिक इंग्लंड-हिंदुस्थान मार्गावर लहान विमानांतून उडत होते. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. ते कराचीहून इंग्लंडकडे आणि ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची भेट झाली असता इंजिनिअर यांना हवा असलेला स्पार्क प्लग टाटांनी आपल्याजवळचा दिला आणि ती स्पर्धा इंजिनिअर यांनी थोडक्या फरकाने जिंकली. एकट्याच्या प्रवासातही परस्परसाहाय्य किती मोलाचे होते, हे येथेही प्रत्ययास येते.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणून भारतीय हवाई टपालसेवेचा प्रारंभ केला. जुहूचे हे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्याने त्या काळात विमानसेवा पुण्याजवळील येरवड्याहून चालवावी लागे. मैदान उतरण्यायोग्य नसेल तर तळच हलवावयाचा, हा निर्णय महत्त्वाचा आहे. विक्रमवीरास जे शक्य नव्हते ते नियमित सेवेस करावेच लागले. ऋतूप्रमाणे वेळापत्रक व स्थळ बदलण्याची ही शिस्त सुरक्षित विमानप्रवासाचा पाया ठरली.

दृष्टिकोनातील बदल

पुढील काळात अवतरणाच्या समस्येवर दोन दिशांनी उपाय झाले. पहिली दिशा यंत्राची. चाकांना ब्रेक, पंखांना फ्लॅप आणि आघात शोषणाऱ्या सुधारित जोडण्या रूढ झाल्या. अमेरिकन अभियंता फ्रेड वाइक यांनी नाकाखाली तिसरे चाक असलेल्या रचनेचा पुरस्कार केला आणि त्यांच्या 'एरकूप' या विमानाचे उड्डाण १९३७ मध्ये झाले. स्टीव्ह विटमन यांनी विकसित केलेले पोलादी पट्टीचे लवचीक पाय सेसना कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या विमानांना बसविले. या सुधारणांमुळे विमान नाकावर उलटण्याचे वा जमिनीवर गिरकी घेण्याचे प्रमाण कमी झाले. तरीही कठोर अवतरणे थांबली नाहीत. प्राणहानी क्वचित होत असली तरी लहान विमानांच्या अपघातांत त्यांचे स्थान आजही मोठे आहे.

दुसरी दिशा चौकशीची. ब्रिटनमध्ये १९२२ पासून विमान-अपघातांच्या चौकशीचे नियम होते. भारतात १९३४ च्या विमान अधिनियमाने अशा चौकशीस कायद्याचा आधार दिला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये अपघात-चौकशीविषयीचे तेरावे परिशिष्ट स्वीकारले. चौकशीचा हेतू अपघातांचा प्रतिबंध हा असावा, दोष वा दायित्व ठरविणे हा नसावा, हे तत्त्व त्यात पुढे सुस्पष्ट झाले. भारतात २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्यूरो स्थापन झाला. १९३४ च्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. 'चूक कोणाची' या प्रश्नाकडून 'कारणे कोणती' या प्रश्नाकडे झालेला हा प्रवास विमानविद्येतील कोणत्याही यांत्रिक सुधारणेइतकाच मोलाचा आहे.

निष्कर्ष

१) ॲमी जॉन्सन यांच्या प्रवासातील अवतरण-अपघात सुटे नसून जमीन, यंत्र, मार्गज्ञान व थकवा या चार कारणांच्या परस्परसंबंधातून ते घडले. गृहीतक बहुतांशी सिद्ध होते.
२) समकालीन अनुभवी पुरुष वैमानिकांशी तुलना केली असता या अपघातांचे स्पष्टीकरण लिंगभेदाच्या आधारे करता येत नाही.
३) विक्रमाच्या ध्येयाने प्रतीक्षा व विश्रांती यांना वेळापत्रकातून वगळले आणि त्याची किंमत प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मोजावी लागली.
४) झाशी व इन्सेन येथील स्थानिक कारागीर व विद्यार्थी यांच्याविना हा प्रवास पूर्ण झाला नसता, त्यांचे योगदान इतिहासात नोंदले जाणे आवश्यक आहे.
५) नियमित हवाई सेवेने ऋतू व मैदान यांचा विचार वेळापत्रकात समाविष्ट केला आणि त्यातून सुरक्षिततेची शिस्त विकसित झाली.

समारोप

ॲमी जॉन्सन यांचे ५ जानेवारी १९४१ रोजी, महायुद्धातील विमान वाहतूक सेवेत असताना, टेम्स नदीच्या मुखाशी निधन झाले. त्यांचे 'जेसन' हे विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन करण्यात आले आहे. १९३४ मध्ये जीन बॅटन यांनी तोच मार्ग १४ दिवस २२ तास ३० मिनिटांत कापून त्यांचा महिला वैमानिकाचा विक्रम मागे टाकला. विक्रम मोडले जाण्यासाठीच असतात. परंतु उतरताना मोडलेले विमान सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसांनी आपल्या अंगावरच्या सदऱ्यांच्या कापडाने सांधून पुन्हा आकाशात पाठविले, ही घटना कोणत्याही नव्या विक्रमाने जुनी होत नाही. वर्गात विज्ञानाचा इतिहास शिकविताना उड्डाणाच्या तारखेबरोबर अवतरणाची हकिगतही सांगितली गेली तर यशाच्या कथेतील श्रम, धोका आणि सहकार्य यांची विद्यार्थ्यांना यथार्थ ओळख होईल.